गजाला बांधलेली दोरी

ज्वारीत दाणा भरला की आमच्या विभागात दरवर्षी तीच गडबड उडते. बाहेर रस्त्याकडेला गोवऱ्यांच्या आगटीत हुरड्याची कणसं भाजली जात असतात आणि आत दुसऱ्या वर्षाची मुलं क्षेत्रकार्याला बाहेर पडायच्या तयारीत असतात. काल एका मुलीनं दारातूनच विचारलं, "बाई, माळावर जाताना साडी कशी नेसायची? साधी, की अगदीच साधी?"

"धुतलेली," मी म्हटलं.

ती हिरमुसली. तिला एखादं तत्त्व ऐकायचं होतं.

मी सोलापुरात समाजकार्य शिकवते. आदिवासी आणि भटक्या-विमुक्त जमातींमध्ये काम कसं करावं, हा माझा विषय. वर्गात तो शिकवणं सोपं आहे, कारण तिथं कोणी अडवत नाही. फळ्यावर काहीही लिहा, फळा ऐकून घेतो. पण या दिवसांत हुरड्याचा धूर नाकात गेला की मला एकच सुगी आठवते, दुष्काळ सरल्यानंतरची. आठवण गोड असेल असं समजून कोणी पुढं वाचू नये.

त्या वर्षी ज्वारी अशी आली होती की पुरुष आत शिरला तर फेटासुद्धा दिसत नव्हता. आधीची वर्षं लोकांनी दुष्काळी कामावर खडी फोडून काढली होती. त्यामुळे त्या पिकाकडे माणसं फक्त बघत बसायची. बांधाबांधावर राखणीचे माळे उभे राहिले, गोफणी फिरू लागल्या. पीक चांगलं आलं की राखण वाढते, आणि राखण वाढली की माळावरच्या पारध्यांवरची नजरही वाढते. कुठं चार कणसं कमी दिसली की पहिली चौकशी पालावर. पारधी या दिवसांत फासे लावून लाव्हे आणि तित्तर धरतात. पक्षी ज्वारीत असतात, म्हणून पारधीही ज्वारीच्या कडेला असतो. शेतकऱ्याला त्यातला पक्षी दिसत नाही, पारधी तेवढा दिसतो.

शहर संपून विजापूरच्या रस्त्याला माळ लागतो, तिथं तेव्हा पारध्यांची, काठ्यांवर कापड ताणलेली आठ-दहा पालं पडली होती. मी त्या वर्षी दोन विद्यार्थी तिथं दिले. एक पद्मा, पूर्वभागातल्या विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही. दुसरा अर्जुन जाधव. शांत, नेटका, कायम इस्त्रीचा शर्ट. जाधव म्हणजे सोलापुरात कोणीही असू शकतं. त्याची जात मी विचारली नव्हती, त्यानं सांगितली नव्हती.

जाण्याआधी वर्गात मी जुना कायदा शिकवला होता. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात कोंडलं, रोज हजेरी लावली. सोलापुरात हे सांगताना बोट दाखवता येतं, कारण सेटलमेंट आजही आहे. तार गेली, वस्ती राहिली. मी हे सांगत होते तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "बाई, मग सायकलला कुलूप लावायचं, का सायकल घरीच ठेवायची?"

वर्ग हसला. "घरीच ठेव," मी म्हटलं. "चाललास तर पोट कमी होईल." वर्ग आणखी हसला. अर्जुनही हसला. मला वाटलं, विषय निभावला.

आमच्या धंद्यात एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून घोकून घेते : वचन द्यायचं नाही. मदत करा, सोबत जा, बसा, ऐका, पण "मी करते" म्हणू नका. वचन पुरं झालं नाही तर तुम्ही बसनं घरी जाता आणि तो माणूस तिथंच राहतो. पद्मानं हे पाठ केलं होतं. परीक्षेत तिनं ते उत्तम लिहिलंही असतं.

एका सकाळी मी पालावर पोचले तेव्हा पद्मा आणि तिथली शेवंती माझी वाट बघत उभ्या होत्या. शेवंती विशीतली असेल. कडेवर वर्षाच्या आतलं पोरगं, मान टाकलेलं. रात्रीपासून जुलाब. मी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. डोळे खोल गेले होते, रडत होतं पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता," मी म्हटलं.

शेवंतीचा नवरा दगडू पहाटेच फासे घेऊन गेला होता. निर्णय सासूकडे. म्हातारी पालाच्या तोंडाशी बसून मिसरी लावत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पद्माकडे बघितलं.

"दिवं लागायच्या आत आनशील?"

"आणते की आज्जी," पद्मा म्हणाली. "मी आणते."

मी पद्माकडे बघितलं. तिच्याही लक्षात आलं. पण शब्द गेला होता, आणि मी आणलेला टांगा थांबला होता.

टांग्यात शेवंतीनं आम्हाला नीट सांगितलं. पारधी आपसात आपली भाषा बोलतात, आमच्याशी ती इथल्या मराठीत बोलायची. त्यांच्या त्या पालांवर रीत अशी होती : सांजेला सासू दिवा लावते, तेव्हा सून पालात हवी. नसली तर पाल तिला बंद. मग पंच बसेपर्यंत तिनं बाहेर राहायचं, चूल वेगळी, नवऱ्याशी बोलायचं नाही. पंच कधी बसतील ते पंचांवर. सगळ्या पारध्यांत असंच असतं असं मी म्हणत नाही. मी त्या माळावरचं सांगते आहे.

"माजी जाऊ मागल्या सुगीत बाजारात ऱ्हायली," शेवंती म्हणाली. "यष्टी चुकली. अजून म्हायेरच्या पालावर हाय ती. पोरं हितं, ती तितं."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पोराला बघितलं आणि दुसरं काही विचारलं नाही. सलाईन लावली. हात इतका बारीक की शीर सापडेना. सापडली तेव्हा सिस्टरनं हाताला लाकडाची पट्टी बांधली. मुलांचा वॉर्ड तळमजल्यावर होता, खाट खिडकीला लागून. डॉक्टर म्हणाले, निदान उद्यापर्यंत हलवायचं नाही, आणि आई पाहिजे, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले. त्यांच्या बाजूनं काम चोख होतं.

दुपारची सावली खिडकीतून आत आली तशी शेवंती उठली. पोराच्या हाताची पट्टी सोडायला लागली.

"काय करतेस?"

"जाते. ऊन कललं."

मी तिचा हात धरला. "हे आत्ता काढलंस तर हे पोर सकाळ बघणार नाही. मी तुला भीती घालत नाही, आहे ते सांगते."

"आन ऱ्हायले तर मला घर ऱ्हानार न्हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मग ह्याला बरं करून ठिवू कुटं, बाई?"

पद्मा उसळली. "बाई, हा काय अन्याय आहे! आपण पालावर जाऊन समजावून सांगू. पोर आजारी आहे, त्यांना कळत नाही का?"

"त्यांना कळतं," मी म्हटलं. "पोर त्यांचं आहे."

मागून आलेला अर्जुन व्हरांड्यात उभा होता. त्याच्याकडे सायकल होती. मी त्याला म्हटलं, "पालावर जा. म्हातारीला सांग, डॉक्टर सोडत नाहीत, आई पण हवी. एवढंच. समजावू नकोस, वाद घालू नकोस. ती काय म्हणते ते ऐक आणि परत ये."

तो निघाला तेव्हा गिरणीचा भोंगा व्हायचा होता.

मुलं मला दरवर्षी विचारतात, अशा वेळी रूढी मोडायला नको का? विचारणाऱ्याचं वय विशीचं असतं आणि मोडायची रूढी दुसऱ्याची असते. मोडायला हवी, मी म्हणते. पण मोडल्यानंतर त्या रात्री ती बाई कुठं झोपेल ते आधी मला सांगा. तुमच्या घरी? तुमच्या आईला विचारलंत? त्या दिवशी मला स्वतःलाच ते उत्तर माहीत नव्हतं. शेवंतीला माझ्या घरी ठेवता आलं असतं, एक दिवस, चार दिवस. आणि मग? तिची दुसरी दोन मुलं माळावर होती.

भोंगा झाला. गिरणीची पाळी सुटली, रस्त्यावर सायकलींच्या घंट्या सुरू झाल्या. शेवंती खाटेच्या कडेवर बसली होती, एक पाय जमिनीवर, उठायच्या तयारीत. पोरगं तिच्या अंगाला लागलेलं, सलाईनचा थेंब पडतो न पडतो. आणि तेवढ्यात म्युनिसिपालिटीचा खांबावरचा बल्ब पेटला. अजून चांगला उजेड होता, पण बल्ब पेटला. शेवंती दचकून उभी राहिली.

"तो नाही गं," पद्मा म्हणाली. "तो सरकारी आहे. तुझ्या सासूचा नाही."

इतक्या ताणातही शेवंतीच्या तोंडावर हसू येऊन गेलं. "आक्का," ती म्हणाली, "तू लई वकील हायेस." आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागली.

मी मनाशी ठरवलं होतं की सूर्य त्या समोरच्या छपराला टेकला की मी वाटेतून बाजूला होणार. तिला जायचं असेल तर जाऊ देणार, टांगा मी आणणार. असं मी ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी दाराशी उभी राहिले होते, आणि बाजूला झाले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

मग कंपाउंडच्या भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज आला. ती कुणाला तरी शिव्या देत होती. बहुधा गाढवाला.

खिडकीतून बघितलं तर पाल येत होतं. म्हणजे खरोखरच पाल. दगडूच्या खांद्यावर काठ्या, म्हातारीच्या डोक्यावर बोचकं, गाढवावर भांडी आणि शेवंतीची दोन मुलं, आणि अर्जुनच्या सायकलच्या कॅरियरवर पालाच्या कापडाची गुंडाळी. सायकल तो हातानं ढकलत होता. शर्टाची इस्त्री गेली होती.

फाटकावरचा रखवालदार काठी आपटत पुढं आला. खाकी दिसल्याबरोबर दगडू जागच्या जागी ताठ झाला. काठ्या खांद्यावरच, पण पाय पळायच्या बेतात. अर्जुननं सायकल दोघांच्या मधे आणली. मी तोवर बाहेर पोचले होते.

"ही पारध्याची मानसं आत कशाला? उद्या काय गेलं-बिलं तर?" रखवालदारानं विचारलं.

"गेलं तर माझ्याकडून घ्या," मी म्हटलं. "मी कॉलेजात असते. पेशंटची माणसं आहेत ही."

सिस्टर खिडकीत येऊन उभी राहिली होती. तिनं एकदा पालाकडे बघितलं, एकदा खाटेकडे. "सकाळी डॉक्टरांची फेरी असते," ती म्हणाली. "त्याच्या आत मोकळं करा. आणि चूल पेटवायची नाही." रखवालदार बडबडत माघारी गेला.

वॉर्डाच्या भिंतीला लागून, शेवंतीच्या खिडकीखाली, त्यांनी काठ्या रोवल्या. पण शेवंती आत आणि पाल बाहेर. मला अजून कळलं नव्हतं. म्हातारीनं पालाची लांब दोरी मोकळी केली आणि मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तशी.

"पालाची दोरी जितवर ताणली तितवर घर. खुंटीच्या आत आलं म्हंजी घरात आलं. हितं खुंटी कुटं मारू? भित हाय. म्हून त्या खिडकीच्या गजाला बांधायची. मंग ती खाट घरात आली का न्हाय?"

"आली," मी म्हटलं.

म्हातारीचा हात गजापर्यंत पोचत नव्हता. दगडू तिकडे काठ्या धरून होता. ऊन छपराखाली गेलं होतं. अर्जुननं दोरी घेतली, सायकलच्या कॅरियरवर पाय देऊन वर चढला आणि गजाला गाठ मारली. म्हातारीनं रॉकेलची चिमणी पेटवली. शेवंतीनं आतून गज धरला होता. दोरी तिच्या बोटांना लागून होती. ती खाटेवर बसली आणि तिनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं.

सकाळी पोराला लघवी झाली, म्हणजे धोका टळला. डॉक्टरांच्या फेरीच्या आत पाल उठलं होतं, सांजेला पुन्हा तिथंच लागलं. दोन दिवसांनी सगळे माळावर परतले, आणि लगेच पंच बसले. कुणीतरी हरकत घेतली होती.

इथून पुढचं लिहू का, हे मी अर्जुनला विचारलं. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे. अर्जुन हे त्याचं खरं नाव नाही, जाधवही नाही. तो म्हणाला, "लिहा बाई. पण रडकं लिहू नका." मला रडकं लिहिता येत नाही, त्यामुळे अडचण नाही.

पंच माळावर लिंबाखाली बसले होते, उघड्या उन्हात सगळी पालं जमली होती. आम्हा तिघांना लांब बसायला सांगितलं. शेवंती एकटी, पदर पुढं ओढून, तिची दोन मोठी मुलं म्हातारीजवळ. आजारी पोरगं तिच्या मांडीवर, जिवंत आणि रडकं. बोलणं त्यांच्या भाषेत चाललं होतं, पण म्हातारी मधूनमधून मुद्दाम मराठीत ओरडत होती, आम्हाला कळावं म्हणून.

"पाल हुतं! काठी हुती! दिवा म्या लावला, माज्या हातानं!"

पंचांतला थोरला, पांढऱ्या मिशांचा, शांतपणे ऐकत होता. मग त्यानं हात केला आणि अर्जुनला जवळ बोलावलं. आता मराठीत.

"दोरी तू बांदलीस?"

"व्हय."

अर्जुन कॉलेजात कधी 'व्हय' म्हणत नसे.

"परक्या हातानं बांदलेली दोरी पालाची न्हवं. वाटंवरच्या मानसानं बांदली तर मंग आमी कुनाचंबी घर कुटंबी बांदू." त्यानं शेवंतीकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं. "तू कुनाचा?"

पद्मा माझ्या शेजारी होती. तिनं माझा दंड धरला. आम्हाला दोघींनाही वाटलं की संपलं. कॉलेजातला पोरगा, जाधव, इस्त्रीचा शर्ट. परका तो परकाच. शेवंतीनं मांडीवरच्या पोराचं अंगडं नीट केलं. जाणारी बाई करते तसं.

"जाधव," अर्जुन म्हणाला.

"जाधव लई हायेत."

अर्जुननं मागे वळून आमच्याकडे बघितलं. पद्माकडे, मग माझ्याकडे. मग तोंड फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "सेटलमेंटमधला. कैकाडी."

"तारंच्या आतला का बाहेरचा?"

"आतला. माझा आज्जा दिवसातनं दोनदा हजेरी द्यायचा. बाप तिथंच जन्मला."

लांब ज्वारीत कुणीतरी गोफण फिरवून पाखरं हाकलत होतं. वर्गात मी सांगितलेला कायदा मला आठवला, सायकलचा विनोद आठवला, आणि हसणाऱ्यांत दिसलेले त्याचे दात. मी मान खाली घातली नाही, कारण त्यानं परत वळून बघितलं तर त्याला माझं तोंड दिसायला हवं होतं.

थोरल्यानं मिशीवरून हात फिरवला. "कैकाडी म्हंजी पारधी न्हवं," तो म्हणाला. आणि अर्जुनकडे नीट बघत, "पर तार एकच हुती. माजा बाप हुता तितं." मग त्यानं आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं, चार-पाच शब्द. म्हातारीनं दोन्ही हात वर केले. दंड म्हणून देवीपुढं एक नारळ, बस. शेवंती उठली, पोर कडेवर घेतलं आणि कुणाकडेही न बघता सरळ आपल्या पालात गेली. तिची दोन्ही मुलं तिच्या मागं धावली.

पद्मा रडत होती. मी तिला रुमाल दिला. अर्जुन तिथंच उभा होता, आता कुठं जावं हे न कळल्यासारखा. आमच्याकडे यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि त्याला बोलवावं की नाही, हे मलाही.

तेवढ्यात म्हातारीनं त्याला गाठलं. हातात तीच दोरी.

"काय रं, ही गाठ व्हय? अर्ध्यात ढिली पडली हुती. म्या रातभर तितं धरून बसले, ठावं हाय का तुला? सुटली असती म्हंजी?"

"आज्जी, घाईत..."

"घाईत! कैकाड्याचा हाय म्हनतोस. तुजा आज्जा फोकाच्या पाट्या वळीत हुता का न्हाय? आन नातवाला गाठ यीना! लाज आन की जरा."

लोक हसले. अर्जुनही हसला, पण हे हसणं वेगळं होतं. ते आधी कधी ऐकलेलं मला आठवेना. म्हातारीनं दोरीचं एक टोक त्याच्या हातात कोंबलं, दुसरं आपल्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं.

"बस हितं. शर्टाला माती लागंल तर लागू दे. बघ, असं."

तो बसला.